टेक्सासात पिस्तूल बाळगायला परवाना लागत नाही, म्हणजे नेमकं काय? (गणपतीच्या हॉलसाठी विचारतेय)

अबोली_फ्रिस्को (धागाकर्ती) | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात यंदा दाराशी उभं राहायचं काम माझ्या गटाकडे आहे. आजच्या मीटिंगमध्ये एका नव्या स्वयंसेवकाने विचारलं, "ताई, कुणी कमरेला पिस्तूल लावून आरतीला आलं तर आपण काय म्हणायचं?" खोलीत चौदा जण होतो. कुणी म्हणालं, २०२१ पासून सगळ्यांना मुभा आहे, अडवलं तर आपल्यावरच केस होईल. कुणी म्हणालं, देवळात बंदीच असते. एक काका ठामपणे म्हणाले की लायसन्स दाखवायला सांगायचं. वाद वाढला आणि प्रश्न तसाच राहिला.

घरी येऊन मी कायदा उघडून बसले. हाउस बिल १९२७. गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी जून २०२१ मध्ये सही केली, सॅन अँटोनियोला अलामोसमोर समारंभ झाला आणि १ सप्टेंबर २०२१ पासून तो लागू आहे. मला समजलं ते असं: वय २१ पूर्ण असेल, बंदूक बाळगायला कायद्याने बंदी नसेल आणि गेल्या पाच वर्षांत मारहाण, धमकी, बंदूक रोखणं अशा ठरावीक गुन्ह्यांत शिक्षा झालेली नसेल, तर परवान्याशिवाय पिस्तूल घेऊन फिरता येतं. दिसेल असं लावलं तर ते होल्स्टरमध्येच हवं. दारू पिऊन चालत नाही. जुना परवाना, म्हणजे एलटीसी, रद्द झालेला नाही. तो हवा असेल तर अजूनही काढता येतो.

पण आमचा प्रश्न यातून सुटत नाही. आमच्यासमोर तीन जागा आहेत: मंदिराचा हॉल, पब्लिक स्कूलचं ऑडिटोरियम आणि सिटीचं कम्युनिटी सेंटर. तिन्ही ठिकाणी उत्तर एकच आहे का?

मी हे का धरून बसलेय तेही सांगते. ६ मे २०२३ ला ॲलनच्या आउटलेट मॉलमध्ये आठ जण मारले गेले. आपल्याकडची एक तरुण इंजिनीयर त्यात होती. तो मॉल माझ्या घरापासून वीस मिनिटांवर आहे, आणि आदल्याच शनिवारी मी मुलींना तिथे शाळेचे बूट घ्यायला नेलं होतं. दाराशी उभ्या राहणाऱ्या मुलांना "बघू, जमेल तसं" असं सांगणं मला जमणार नाही.

---

कलमनवीस | रविवार, रात्री ११:०५

अबोलीताई, धागा चांगला काढलात. मी डॅलसमध्ये एका वकिलांच्या ऑफिसात पॅरालीगल आहे. हा वकिली सल्ला नव्हे, पण ही कलमं रोज हाताखालून जातात.

आधी एक गैरसमज. २०२१ च्या आधी टेक्सासात पिस्तूल घेऊन फिरणं हा मुळात गुन्हा होता आणि परवाना हा त्याला अपवाद होता. आता पीनल कोडचं कलम ४६.०२ उलट्या बाजूने लिहिलंय: अमुक अमुक माणसाने बाळगलं तर गुन्हा. बदल इथे झाला. कुठे नेता येत नाही याची यादी कलम ४६.०३ मध्ये आहे. ती गेलेली नाही, उलट पूर्वी दोन कलमांत विखुरलेली होती ती एकत्र केली. शाळा, मतदान केंद्र, कोर्ट, विमानतळाचा सुरक्षित भाग, दारूवर ५१ टक्के किंवा त्याहून जास्त कमाई असलेले बार, शाळा-कॉलेजांचे आणि व्यावसायिक सामने, तुरुंग, हॉस्पिटल, ॲम्युझमेंट पार्क... मंदिर-चर्च या यादीत नाही.

आता तुमच्या तीन जागा.

शाळेचं ऑडिटोरियम सगळ्यात सोपं. परवाना असो वा नसो, शाळेच्या लेखी परवानगीशिवाय इमारतीत पिस्तूल नेणं ही तिसऱ्या दर्जाची फेलनी (गंभीर गुन्हा), दोन ते दहा वर्षं तुरुंग. फक्त एक लक्षात ठेवा. कायद्यातल्या 'प्रिमायसेस' या शब्दाचा अर्थ इमारत किंवा इमारतीचा भाग. पार्किंग लॉट, फुटपाथ, गाडीरस्ता त्यात येत नाहीत. गाडीत ठेवून आलेल्या माणसाशी वाद घालू नका.

मंदिर: कायद्याने आपोआप बंदी नाही. २०१९ मध्ये विधिमंडळाने प्रार्थनास्थळांबाबतचं जुनं वाक्यच काढून टाकलं. पण मंदिर ही खासगी मालमत्ता आहे, त्यामुळे पाटी लावून मनाई करता येते. आणि पाट्या एक नाही, तीन. कलम ३०.०५ ची पाटी परवाना नसलेल्यांसाठी, ३०.०६ परवाना असून लपवून बाळगणाऱ्यांसाठी, ३०.०७ परवाना असून उघड बाळगणाऱ्यांसाठी. नुसती ३०.०५ लावलीत तर एलटीसीवाला बिनदिक्कत आत येऊ शकतो. बहुतेक जण चुकतात ते इथेच.

सिटीच्या सेंटरबद्दल उद्या लिहितो. तो गुंता मोठा आहे.

---

वाटसरू | सोमवार, सकाळी ७:५०

माझा प्रश्न जरा वेगळा. मी एच-वन-बी वर (नोकरीच्या व्हिसावर) आहे, प्लेनोत राहतो, वय २९, कुठलाही गुन्हा नाही. वरच्या वर्णनात मी बसतो ना? ऑफिसातले दोघे मला हेच सांगतात की आता टेक्सासात सगळ्यांना चालतं.

विचारण्याचं कारण: गेल्या वर्षी आमच्या टीमचं आउटिंग एका शूटिंग रेंजवर होतं. काउंटरवर टॅबलेट पुढे केला. नाव, जन्मतारीख आणि खाली रांगेने हो-नाहीचे प्रश्न. त्यात एक ओळ होती: आपण नॉनइमिग्रंट (तात्पुरत्या मुक्कामाच्या) व्हिसावर आहात का? मी थांबलो. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "सगळे 'नाही'च दाबतात, चला पुढे." माझ्यामागे आठ जण होते. मी टॅबलेट परत दिला, पोट बिघडलंय असं सांगितलं आणि दोन तास बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. आमच्यातली पाच मराठी मुलं आत गेली. सगळी एच-वनवर.

---

कलमनवीस | सोमवार, दुपारी १२:३०

वाटसरू, तू त्या बाकावर बसलास ते फार बरं केलंस. हे सगळ्यांनी नीट वाचा, कारण या धाग्यावर येणाऱ्या निम्म्या लोकांना हेच लागू आहे.

टेक्सासने स्वतःची परवान्याची अट काढली. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारची, बंदी काढायचा अधिकार टेक्सासला नाही. फेडरल कायद्यात, टायटल १८ च्या कलम ९२२(जी)(५) मध्ये, नॉनइमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक आणि गोळ्या, दोन्ही बाळगायला मनाई आहे. एच-वन, एच-फोर (एच-वनवाल्याचा जोडीदार), एल-वन, एफ-वन (विद्यार्थी), आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा बी-टूवर, ते सगळे यात आले. शिक्षा पूर्वी दहा वर्षांपर्यंत होती, जून २०२२ च्या फेडरल कायद्याने ती पंधरा वर्षांपर्यंत गेली. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई नाही.

'बाळगणं' म्हणजे विकत घेणंच नव्हे. रेंजवर भाड्याने घेऊन दहा मिनिटं हातात धरली तरी ते बाळगणंच. सुप्रीम कोर्टातला २०१९ चा रेहाइफ खटला यावरूनच उभा राहिला. फ्लोरिडात शिकायला आलेला परदेशी विद्यार्थी, कॉलेजने काढून टाकल्यामुळे स्टेटस गेलेलं, आणि तो रेंजवर नेमबाजी करायला गेला. कोर्ट म्हणालं, आपलं स्टेटस काय आहे हे आरोपीला माहीत होतं हेही सरकारने सिद्ध करायला हवं. पण ज्याने टॅबलेटवर तो प्रश्न वाचला आणि 'नाही' दाबलं, त्याला 'मला माहीतच नव्हतं' कसं म्हणता येईल?

---

माळरान | सोमवार, दुपारी १:१५

पण हंटिंग लायसन्स असेल तर चालतं ना? आमच्या ग्रुपमध्ये सगळे तेच करतात. ऑनलाइन काढायचं, पंधरा मिनिटांचं काम.

---

कलमनवीस | सोमवार, दुपारी २:००

हो, अपवाद खरा आहे. कुठल्याही राज्याचं वैध शिकार लायसन्स असेल तर ती फेडरल मनाई लागू होत नाही. पण 'वैध' या शब्दावर बोट ठेवा. टेक्सासचं वार्षिक हंटिंग लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं, तुम्ही ते जुलैत काढलेलं असलं तरी. म्हणजे ज्याने त्या आधारावर बंदूक घेऊन कपाटात ठेवलीय आणि नूतनीकरण विसरलाय, तो १ सप्टेंबरच्या सकाळी झोपेतून उठतो तोच फेडरल गुन्ह्यात. त्याने काहीच केलेलं नसतं, फक्त तारीख उलटलेली असते. ज्यांच्या घरी अशी बंदूक आहे त्यांनी आज फोनमध्ये आठवण लावा.

आणखी एक. नवरा सिटिझन, बायको एच-फोरवर, बंदूक नवऱ्याची, कपाटाची किल्ली दोघांकडे. बायकोच्या ताब्यात ती आहे असा अर्थ काढता येतो. किल्ली किंवा कोड एकाकडेच ठेवा.

---

गोदाकाठ | सोमवार, रात्री ८:२०

मी १९९४ पासून ह्यूस्टनला आहे, सिटिझन आहे आणि १९९८ पासून परवाना बाळगून आहे. दोन शब्द लिहावेसे वाटले.

तरुण मंडळींना वाटतं टेक्सास म्हणजे पहिल्यापासून कमरेला पिस्तूल. तसं नाही. १८७१ पासून इथे पिस्तूल घेऊन फिरायला बंदी होती, सव्वाशे वर्षं. १६ ऑक्टोबर १९९१ ला किलीनच्या लुबीज कॅफेटेरियात एकाने ट्रक काच फोडून आत घातला आणि २३ माणसं मारली. तिथे सुझाना हप नावाची बाई आई-वडिलांबरोबर जेवत होती. तिचं रिव्हॉल्व्हर होतं, पण कायद्याच्या भीतीने गाडीत ठेवलेलं. दोघंही त्या दिवशी मारले गेले. पुढे ती आमदार झाली आणि आयुष्यभर हीच गोष्ट सांगत राहिली. १९९५ मध्ये जॉर्ज डब्ल्यू. बुश गव्हर्नर असताना लपवून बाळगण्याचा परवाना आला, २०१६ च्या १ जानेवारीपासून परवानाधारकांना उघड बाळगायची मुभा मिळाली, आणि २०२१ मध्ये परवान्याचीच अट गेली. एकेक वीट निघत गेली.

माझ्या वेळी वर्ग दहा तासांहून मोठा होता आणि फी १४० डॉलर. आता वर्ग चार ते सहा तासांचा, फी ४० डॉलर. लेखी परीक्षा, मग ५० गोळ्या: तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून. ७० टक्के लागतात. अवघड नाही. पण त्या वर्गात शिकवणाऱ्या निवृत्त शेरीफ डेप्युटीने आम्हाला अर्धा दिवस एकच गोष्ट शिकवली होती: कधी काढायचं नाही. पार्किंगवरून भांडण झालं, कुणी शिवी दिली, कुणी मागे गाडी लावली, तरी हात खिशाकडे जाता कामा नये. तो वर्ग आता सक्तीचा नाही याचं मला मनापासून दुःख आहे. बंदूक असावी या मताचा मी आहे. शिकल्याशिवाय असावी या मताचा नाही. डीपीएसने (राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा खात्याने) फुकट ऑनलाइन कोर्स ठेवलाय, कायद्यातच तशी तरतूद आहे. पण तो बघितलाच पाहिजे असं कुणावर बंधन नाही.

---

रात्रपाळी | मंगळवार, पहाटे ४:१०

गोदाकाठ काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहिते. मी नर्स आहे, ह्यूस्टनमध्ये रात्रीच्या शिफ्ट करते, आता सिटिझन आहे. तीन वर्षांपूर्वी मी घर सोडलं. का सोडलं ते इथे लिहीत नाही. कोर्टाने प्रोटेक्टिव्ह ऑर्डर, म्हणजे माझ्या संरक्षणाचा आदेश, दिली. त्या आठवड्यात माझ्याकडे सहा तासांच्या वर्गासाठी सुट्टी नव्हती, मुलाला ठेवायला माणूस नव्हतं आणि परवाना हातात यायला किती आठवडे लागतील कुणी सांगू शकत नव्हतं. माझ्यासारखीला २०२१ च्या कायद्याने एक गोष्ट दिली: वाट बघायला लागली नाही.

वर्ग मी नंतर केला, परवानाही काढला. तुम्ही म्हणता ते अक्षरशः खरं आहे, तो वर्ग सगळ्यांनी करावा. पण करेपर्यंतच्या दिवसांत कुठल्याही बाईला गुन्हेगार ठरवू नये एवढंच माझं म्हणणं.

आणि ज्याच्यावर अशी ऑर्डर आहे त्याला बंदूक बाळगता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जून २०२४ मध्ये रहिमी खटल्यात आठ विरुद्ध एक मतांनी ही बंदी कायम ठेवली. तो खटला टेक्सासचाच. निकाल आला त्या दिवशी मी ब्रेकरूममध्ये उभी राहून रडले.

हॉस्पिटलच्या इमारतीत मी नेत नाही, तिथे लेखी परवानगीशिवाय बंदी आहे. गाडीत कुलपात ठेवते. २०११ च्या कायद्याने मालकाला पार्किंगमधल्या बंद गाडीवर हरकत घेता येत नाही, हेही नोकरदार मंडळींना उपयोगी पडेल.

---

गोदाकाठ | मंगळवार, सकाळी ९:००

पोरी, तू लिहिलंस ते मी तीनदा वाचलं. तुझ्या बाजूने मी कधी विचारच केला नव्हता. वर्गाबद्दलचं माझं मत तेच आहे, पण "आधी वर्ग, मग मुभा" हा क्रम सगळ्यांना परवडत नाही हे मान्य. काळजी घे.

---

निरगुडी | मंगळवार, सकाळी १०:४५

मी केटीला राहते. दोन्ही मुलं एलिमेंटरीत. मला एवढंच सांगा: शाळेत नेता येत नाही हे समजलं, पण शाळेबाहेरच्या फुटपाथवर, जिथे आम्ही आया साडेतीनला उभ्या असतो, तिथे कुणी कमरेला लावून उभा राहिला तर? मागच्या महिन्यात एक आजोबा तसे उभे होते. बोलायला अगदी चांगले, नातवाला घ्यायला आलेले. पण माझ्या धाकट्याची नजर त्या पट्ट्यावरून हलेना. मी त्याला दुसऱ्या बाजूला ओढून घेतलं आणि काय सांगावं ते कळेना, म्हणून आइस्क्रीमचं कबूल केलं.

---

कलमनवीस | मंगळवार, दुपारी १२:५०

निरगुडी, तुमच्या प्रश्नात या कायद्यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग दडलाय.

टेक्सासच्या ४६.०३ मध्ये इमारत येते, फुटपाथ येत नाही (शाळेने ठेवलेला एखादा कार्यक्रम तिथे चालू असेल तर तेही आवार येतं). पण फेडरल गन-फ्री स्कूल झोन्स कायदा वेगळा आहे. शाळेच्या आवारापासून १,००० फुटांच्या आत बंदूक बाळगायला मनाई. अपवाद: खासगी जागा, कुलूपबंद डब्यातली रिकामी बंदूक, किंवा त्याच राज्याने दिलेला परवाना. परवान्याची अट टेक्सासने काढली, पण त्यामुळे कुणाला 'परवानाधारक' होता येत नाही. म्हणजे ते आजोबा एलटीसीवाले असतील तर त्या फुटपाथवर कायद्यात बसतात. नसतील तर टेक्सासच्या कायद्यात बसतात आणि फेडरल कायदा मोडतात.

केटी, फ्रिस्को, शुगर लँडच्या वस्त्यांमध्ये १,००० फूट म्हणजे काय हे नकाशावर काढून बघा. शाळेभोवतीच्या चारपाच गल्ल्या सहज येतात. भरलेलं पिस्तूल गाडीत ठेवून, परवान्याशिवाय, रोज त्या रस्त्याने जाणारे कितीतरी लोक असतील. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, बाळगायचंच असेल तर ४० डॉलर भरून परवाना काढाच. परराज्यात जाताना तोच उपयोगी पडतो, बंदूक घेताना पार्श्वभूमी तपासणीच्या जागी तो चालतो, आणि विमानतळावर चुकून बॅगेत राहिलं तर सांगितल्याबरोबर मागे फिरण्याची सवलत टेक्सासच्या कायद्यात परवानाधारकालाच आहे. डॅलस आणि ह्यूस्टनचे विमानतळ अशा सापडलेल्या बंदुकांत देशात वरच्या क्रमांकांत असतात, त्यामुळे हे दुर्मीळ समजू नका.

पोलिसांनी ओळखपत्र मागितलं तर परवानाधारकाने ड्रायव्हिंग लायसन्सबरोबर एलटीसीही दाखवायची असते. परवाना नसलेल्यावर ते बंधन नाही, पण सुरक्षेसाठी गरज वाटली तर पोलीस तात्पुरतं पिस्तूल काढून घेऊ शकतात.

आणि निरगुडी, घरात बंदूक असणाऱ्यांसाठी कलम ४६.१३ आहे. निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली, तर ठेवणाऱ्यावर गुन्हा लागतो. मुलाला मित्राकडे खेळायला पाठवताना "बंदूक कुलपात आहे ना?" असं विचारायला लाजू नका. मी विचारतो. आजवर कुणी रागावलेलं नाही.

---

रानजाई | मंगळवार, सायंकाळी ६:३०

एडिसनहून लिहितेय. आमच्याकडे उलट दिशा आहे. जून २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ब्रुएन खटल्यात न्यूयॉर्कची 'योग्य कारण दाखवा' ही अट रद्द केली, तसा न्यू जर्सीतलाही परवाना सोपा झाला. मग राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये प्रशिक्षण आणि बंदीच्या जागांची मोठी यादी असलेला नवा कायदा केला. त्यावर अजून कोर्टबाजी चालते. सांगायचं एवढंच की टेक्सासहून गाडीने इकडे येणाऱ्यांनी तिकडची मुभा इकडे आणू नये. टेक्सासची एलटीसीसुद्धा इथे चालत नाही.

---

सह्यकडा | मंगळवार, रात्री ९:१५

पुण्याहून वाचतोय. आमच्या गावात आजोबांची बारा बोअर होती. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत आणायची, पावती जपून ठेवायची. १९५९ च्या आर्म्स ॲक्टखाली परवाना म्हणजे सरकारने दिलेली गोष्ट, हेच डोक्यात बसलंय. त्यामुळे हा धागा वाचताना सारखं अडखळायला होतं. तिथे मुभा आधी आणि बंदी नंतर. तिकडे गेलेल्या आपल्या मुलांचा गोंधळ का होतो ते समजलं.

वय २१ च म्हणायचं का? भाचा ऑस्टिनला शिकतो, १९ चा आहे, त्याच्या मित्रांत वेगळंच बोललं जातं.

---

कलमनवीस | मंगळवार, रात्री १०:४०

मित्रांचं म्हणणंही निराधार नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये फोर्ट वर्थच्या फेडरल न्यायाधीशांनी १८ ते २० वयोगटावरची बंदी घटनाबाह्य ठरवली, आणि राज्याने अपील डिसेंबरमध्ये मागे घेतलं. कायद्याच्या पुस्तकात मात्र २१ च छापलेलं राहिलं. म्हणूनच नुसतं कलम वाचून भागत नाही. पण भाचा एफ-वनवर असेल तर त्याच्यासाठी हा प्रश्नच उद्भवत नाही, आणि कॉलेजच्या आवारात २०१६ पासून जी मुभा आहे ती परवानाधारकांनाच, तीही लपवून. २०२१ ने त्यात काही बदललं नाही.

ग्रीन कार्डवाल्यांनाही एक गोष्ट कळकळीने सांगतो. इमिग्रेशन कायद्यात बंदुकीसंबंधी कुठलाही कायदा मोडल्याची शिक्षा झाली तर देशाबाहेर काढता येतं. सिटिझन शेजाऱ्याला जी चूक वकिलाच्या फीमध्ये पडते, ती तुम्हाला घरदार सोडायला लावू शकते. बार, शाळा, विमानतळ: या तीन जागी जाण्याआधी कंबर चाचपून बघा.

आता सिटीचं सेंटर. सरकारी मालकीच्या जागेत परवानाधारकाला मनाईची पाटी लावायला सरकारी संस्थेला बंदी आहे, ती जागा ४६.०३ च्या यादीत असल्याशिवाय. पण सिटीची जागा खासगी संस्थेने भाड्याने घेतली तर? २०२४ मध्ये नेमका हाच वाद झाला. डॅलसचं फेअर पार्क सिटीचं, तिथे भरणारी स्टेट फेअर खासगी ना-नफा संस्थेची. आदल्या वर्षी जत्रेत गोळीबार झाला होता म्हणून संस्थेने बंदुकांना मनाई केली. ॲटर्नी जनरल केन पॅक्स्टन कोर्टात गेले. खालच्या कोर्टापासून टेक्सास सुप्रीम कोर्टापर्यंत कुणीही ती मनाई तातडीने थांबवली नाही आणि जत्रा मनाईसह भरली. मंडळाच्या बाजूचं उदाहरण आहे, पण त्यांच्याकडे वकिलांची फौज होती. तुमच्याकडे मोदकांचं बजेट आहे. माझं मत: सेंटर सोडा, शाळा किंवा मंदिर घ्या.

---

माळरान | बुधवार, सकाळी ८:१०

ग्रुपमधल्या तिघांची हंटिंग लायसन्सं काल रात्री बघितली. एकाचं गेल्या ३१ ऑगस्टलाच संपलंय, त्याला पत्ताच नव्हता. वकिलांना फोन केलाय त्याने. कलमनवीस, मनापासून आभार.

---

अबोली_फ्रिस्को (धागाकर्ती) | तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ११:२०

सगळ्यांचे आभार. शाळेची तारीख मिळाली नाही, म्हणून मंदिर ठरलं. ट्रस्टींनी तिन्ही पाट्यांना मान्यता दिली. त्यांच्यातल्या दोघांकडे स्वतःचे परवाने आहेत, तरीही त्यांनी हात वर केले.

पाट्यांचं काम वाटलं तेवढं सोपं नव्हतं. मजकूर कायद्यात दिलाय तोच, शब्दाला शब्द. इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही. अक्षरं ठळक, उठून दिसणाऱ्या रंगात आणि निदान एक इंच उंचीची. पहिला संच छापून आला तेव्हा मी पट्टी घेऊन बसले. अक्षर पाऊण इंच. छपाईवाल्याने कागदावर मावावं म्हणून आकार कमी केला होता. परत पाठवला. नवे आले ते दाराची अर्धी काच व्यापतात. स्पॅनिश मजकूर शेजारच्या मोंतेर्रेयच्या आजींनी वाचून दिला, एका अक्षरावरची खूण राहिली होती ती त्यांनीच दाखवली.

स्वयंसेवकांना सांगायचं तेही ठरलं. लायसन्स मागायचं नाही, हात लावायचा नाही, आवाज चढवायचा नाही. "नमस्कार, आज आत बंदूक नेता येत नाही, कृपया गाडीत ठेवून या, मी तुमच्यासाठी जागा धरते," एवढंच. पाटी बघूनही आत आलेल्याला २०० डॉलरपर्यंत दंडाचा गुन्हा लागतो, पण तोंडी सांगूनही जो जात नाही त्याच्यावर मोठा मिसडिमिनर (फेलनीपेक्षा खालचा गुन्हा). तेव्हा वाद न घालता ९११. प्रॅक्टिस करून घेतली. गोदाकाठ काका खास ह्यूस्टनहून आले आणि त्यांनी आडमुठ्या पाहुण्याचं काम केलं.

पोवाड्यातल्या तलवारीही तपासल्या. साडेपाच इंचांपेक्षा मोठं पातं प्रार्थनास्थळात आणायला कायद्याने मनाई आहे, हे मला या निमित्ताने कळलं. आमच्या लाकडी आहेत.

आज रात्री हॉलमध्ये फेरी मारताना एक गोष्ट ध्यानात आली. पाट्या पुढच्या दोन दारांना लावल्यात, पण महाप्रसादाची पातेली मागच्या स्वयंपाकघराच्या दाराने येतात आणि दरवर्षी अर्धे लोक तिथूनच आत शिरतात. कायदा म्हणतो प्रत्येक प्रवेशद्वारावर. तिसरा संच शुक्रवारी येतोय. तो काचेला सरळ चिकटवायला चौघे लागतील, एक शिडी आणि एक लेव्हल. ज्यांना शुक्रवारी सात वाजता जमेल त्यांनी इथेच खाली नाव लिहा.